कापसातली देवी

नोकरीत शेकडो पंचनामे केले, पण खडवलीकडच्या एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याला मी चोर ठरवून ठाण्यावर आणलं, ती दुपार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

स्वातंत्र्याला दोन-तीन वर्षं झाली होती. मी नवा फौजदार. एका कल्हईवाल्यानं खबर दिली की, गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या घरी, कापसाच्या ढिगात त्याला देवीचा चांदीचा मुखवटा दिसला. शेजारच्या गावचे पंच घेऊन झडती घेतली. मुखवटा निघाला. देवळातून चोरी झाल्याची तक्रार मात्र कुणाचीच नव्हती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"कुठून आणलास?"

"सांगता यायचं नाय, साहेब. जबान दिलीय."

मी आवाज चढवला, कोठडीची भीती घातली. फाळणीनंतरचे दिवसच असे होते की माझ्या मनात निकाल आधीच लागला होता. म्हातारा बधला नाही. टेबलावरच्या मुखवट्याकडे बघत एवढंच म्हणाला, "तिच्यावर फडकं टाका, साहेब. अशी उघडी नका ठेवू."

चोराला मालाची अशी काळजी नसते. मी जबाब लिहायचा थांबलो आणि त्याच्यासाठी पाणी मागवलं.

तेवढ्यात एकाच बैलगाडीतून दोन म्हातारे उतरले. एक वरच्या आळीचा, एक खालच्या. हवालदार चाटच पडला. या दोन आळ्यांत वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं.

"साहेब, चाचाला सोडा," एक म्हणाला. "मुखवटा कोनाकडं ऱ्हावा यावरनं आमच्यात डोकी फुटली व्हती. मंग दोगांचाबी भरवसा व्हता त्याच्याकडं ठेवला. ठिकान आमा दोगांनाच ठावं. जत्रेला आमीच न्हेतो."

इतका वेळ ताठ बसलेले चाचा आता रडू लागले. "जबान गेली माजी. आता तुमी तिला न्हेनार."

"रडतोस कशाला?" पहिला म्हणाला. "पयली दोगांना ठावं व्हती, आता गावाला. ती कुटं जायाची नाय."

"बरोबर बोललास," दुसरा म्हणाला. पहिल्यानं चमकून त्याच्याकडे पाहिलं; खालच्या-वरच्या आळीचं इतक्या वर्षांत प्रथमच एकमत झालं होतं.

गुन्हा नव्हताच. मुखवटा परत देताना मी विचारलं, कुणाच्या ताब्यात लिहू? दोघांनी एकदमच चाचांकडे बोट केलं.

"चाचा, चुकलो मी," असं म्हणून पावतीवर त्यांचा अंगठा घेतला.

त्यानंतर कुठल्याही गावात तपासाला गेलो की, इथं कोण कुणावर भरवसा ठेवतं, हे मी आधी विचारी. झडती नंतर.