एकही नऊ नाही

शाळांत टीव्ही आल्याने शिकवणं बदललं का, याच्या संशोधनासाठी कांचघर मोहल्ल्यातल्या अंजनी ढोमणेला वर्गावर्गात मागच्या बाकावर बसवलं होतं. दर तीन सेकंदांनी कागदावरच्या चौकोनात एक आकडा टाकायचा. मास्तर बोलत असले तर पाच, मुलाने आपणहून काही विचारलं तर नऊ, कोणीच बोलत नसेल तर दहा. टीव्ही बोलला तर काय, हे वरच्या साहेबांना सुचलंच नव्हतं. तिने चिडून त्यालाही पाच दिले.

तीन महिन्यांत एकतीस शाळा झाल्या, पण नऊ एकदाही लिहायला मिळाला नाही. घरी जेवतानाही तिचं बोट ताटाच्या काठावर सेकंद मोजत राहायचं.

"काहून ताट वाजवून राहिली?" वडील विचारायचे, आणि मग पुढचं सगळं तेच बोलायचे. पाच, पाच, पाच. आईचे दहा.

शेवटची शाळा भेडाघाटजवळची होती. टीव्ही सुरू होता, मास्तर शेजारी हात बांधून उभे होते. तेवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळली.

"दीदी, आप सारा टाइम क्या लिखती हो?"

अंजनी सांगायला लागली. मुलगी आणखी विचारत गेली, शेजारच्याही वळल्या. मास्तर खाकरले तेव्हा कुठे तिला भान आलं. पेन्सिल थांबलेली होती आणि चाळीस चौकोन कोरे होते.

मागाहून आकडा भरायचा नाही, हा नियम तिला पाठ होता. कोरा चौकोन दहा धरायचा, हाही.