नवनाथ पगारेची दुसरी गाडी

नवनाथ पगारे आणि मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला एकाच आठवड्यात लागलो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. साचे बनवायचं काम. ग्राइंडिंगवर त्याचा हात असा बसलेला, की मायक्रोमीटर लावायच्या आधीच तो सांगायचा, "मल्हारी, अजून दोन शतांश आहे," आणि तेवढंच निघायचं. एरवी माणूस अबोल. गाड्यांचा विषय निघाला की मात्र जेवणाची सुट्टी संपली तरी थांबायचा नाही.

त्याचे वडील पुंजाराम देवळाली कॅम्पात लष्कराचे ट्रक धुवायच्या कामावर होते. नवनाथ शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन जायचा आणि तिथेच रेंगाळायचा. वडिलांनी हजारो गाड्या धुतल्या, पण स्टिअरिंग धरायला त्यांना कधी मिळालं नाही. नवनाथ एकोणिसाव्या वर्षी कुणाच्या तरी टेम्पोवर शिकला. पुढे लग्न झालं, तेजस्विनी झाली, नाशिकरोडजवळ उपनगर भागात घर झालं आणि चाळिशीच्या जवळ एक वॅगनआर आली. ती बायकोच्या, संजनावहिनींच्या वाट्याला गेली, कारण त्या शिकवायच्या ती शाळा सिन्नरकडे आणि एसटीच्या वेळा जमत नव्हत्या. नवनाथ मोटारसायकलवरच अंबडला येत राहिला.

सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याचा मणका दुखायला लागला. डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितली. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. हा माझ्याकडे आला तो हसतच.

"दुसरी गाडी घ्यावी लागणार," म्हणाला. "पण आता माझ्या मनासारखी. रोज कामावर येईल आणि वर्षातून चार वेळा ट्रॅकवर पळेल, अशी."

पुण्याकडे एक छोटा ट्रॅक आहे. तिथे पैसे भरून आपली स्वतःची गाडी दिवसभर पळवता येते. हेल्मेट घालायचं, शिकवणारे असतात, वेळ मोजतात. हे सगळं त्याला तेजस्विनीने सांगितलं होतं. ती तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. विसाव्या वर्षी मुली बापाशी बोलायच्या कमी होतात म्हणतात. हे दोघं चार महिने दुसरं काही बोलतच नव्हते.

गाडी निवडायला मी त्यांच्याबरोबर तीन रविवार फिरलो, म्हणून मला ठाऊक आहे. नवनाथला रुंद, जमिनीला टेकलेली, आवाज करणारी गाडी हवी होती. गंगापूर रोडला तशी एक मिळाली. स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, मागे एवढा मोठा सायलेन्सर. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना पहिल्याच स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलं. तेजस्विनी मागच्या सीटवर होती.

"पप्पा, ट्रॅकवर तुम्ही वर्षातून चार दिवस जाणार. द्वारकेच्या चौकात रोज दोनदा अडकणार. तीनशे दिवसांची गाडी घ्या, चार दिवसांची नको."

"मग वॅगनआरच घेऊ की अजून एक," नवनाथ चिडून म्हणाला.

"तसं नाही म्हणत मी. हलकी घ्या. ताकद थोडी कमी असली तरी चालेल, वळणात धरून राहिली पाहिजे. वाचलेल्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेकचे पॅड टाकू. सगळे इंजिनच बघतात, थांबायचं कशावर ते कुणी बघत नाही."

नवनाथने माझ्याकडे पाहिलं. त्याला अभिमान वाटला होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

दुसऱ्या रविवारी एक गाडी त्याने नुसत्या कानाने नाकारली. तिसऱ्या गिअरला बारीक कुईं येत होतं, ते मला तर ऐकूसुद्धा आलं नाही. तिसऱ्या रविवारी पाथर्डी फाट्याजवळ एका डॉक्टरांकडे दोन वर्षं वापरलेली लाल पोलो मिळाली. एक लिटरचं टर्बो इंजिन, सहा गिअर, चार दारं, डिकीत सुटे टायर मावतील एवढी जागा. बापलेकीने आळीपाळीने चालवली आणि उतरल्यावर एकमेकांकडे बघून मान हलवली. गाडी ठरली.

घरी आणली तेव्हा वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "चांगली आहे. पण अहो, ही दोघांनी मिळून निवडली आहे, हे लक्षात ठेवा."

पुढचे काही महिने आमच्या टूलरूममध्ये त्याच्याइतका सुखी माणूस नव्हता. सकाळी गाडी लावून उतरल्यावर तो चार पावलं चालायचा आणि वळून बघायचा. रविवारी भल्या सकाळी तेजस्विनीला घेऊन दिंडोरीकडे मोकळ्या रस्त्यावर जायचा आणि शिकवायचा. वळणाच्या आधीच ब्रेक संपव, नजर पुढे ठेव, स्टिअरिंगशी भांडू नको. हे त्याला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं. लोखंडाशी कसं वागायचं हे ठाऊक होतं, तेच तो गाडीला लावत होता.

मे महिन्याच्या शेवटी, तिची परीक्षा संपल्यावर, आम्ही तिघं पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो. पहाटे निघालो आणि नारायणगावला चहा घेतला. लहानपणापासून ज्याची वाट पाहिली ते आज होणार होतं.

सकाळी तो तीनदा ट्रॅकवर उतरला. फेरीची वेळ मांडवातल्या फळ्यावर लागायची. पहिल्यांदा एक मिनिट एकोणतीस सेकंद, मग सव्वीस, मग चोवीस. घामाने भिजून, हेल्मेट काखेत धरून तो आला तेव्हा पंचवीस वर्षांचा दिसत होता.

दुपारी तेजस्विनी म्हणाली, "पप्पा, एकदा मी?"

"जा की. सांभाळून."

ती सहा फेऱ्या मारून आली. मी कठड्याशी उभा होतो. मला त्यातलं काही कळत नाही, तरी एवढं कळलं की नवनाथ चालवत होता तेव्हा गाडी ओरडत होती, टायर किंचाळत होते, आणि ती चालवत होती तेव्हा गाडी जवळजवळ गप्प होती. फळ्यावर वेळ लागली. एक मिनिट एकवीस सेकंद.

आजूबाजूचे लोक फळ्याकडे बघायला लागले. तिथले प्रशिक्षक, महेशसर म्हणून एक गृहस्थ, चालत आमच्याकडे आले आणि तिला विचारलं, "किती वर्षं चालवतेस?"

"ट्रॅकवर आजच."

"कुणी शिकवलं?"

"पप्पांनी," ती म्हणाली आणि नवनाथचा दंड धरला.

नवनाथ हसला. मी त्याला सव्वीस वर्षं ओळखतो. ते हसू त्याचं नव्हतं.

महेशसर म्हणाले, मुलींसाठी दक्षिणेत एक शिबिर असतं, निवडलेल्या मुलींना पुढे शर्यतीत उतरवतात, एकवीस वर्षांपर्यंतच घेतात. मी तुझं नाव कळवतो. नंबर कुणाचा देऊ? तेजस्विनीचा मोबाइल गाडीत होता. ती म्हणाली, पप्पांचाच लिहा.

परत येताना ती सीटवर मान टाकून झोपली. नवनाथ गाडी चालवत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "पोरीने कमाल केली."

"दुपारी ट्रॅक गरम असतो, टायर धरतात," एवढंच तो म्हणाला.

फोन दोन आठवड्यांनी आला. आम्ही कँटीनमध्ये जेवत होतो. नवनाथने उचलला. समोरून काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. याचं बोलणं मात्र मी सगळं ऐकलं.

"हो, वडीलच बोलतोय... हो का?... कधी?... पुढच्या महिन्यात? नाही हो, तिची परीक्षा आहे तेव्हा... नाही, तिलाही तेवढा रस नाही त्यात. शिक्षण पहिलं... हो. धन्यवाद."

त्याने फोन खिशात ठेवला आणि भाजी वाढून घेतली. परीक्षा केव्हाच संपली होती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने बघितलं नाही. मी चपातीचा तुकडा मोडला. विचारायला हवं होतं. मित्र म्हणून तेवढं तरी माझं काम होतं. मी विचारलं नाही.

त्यानंतर तेजस्विनीने घरी दोन-तीनदा विचारलं, की महेशसरांचा फोन आला का. तो नाही म्हणाला. तिसऱ्यांदा नाही ऐकल्यावर तिने विचारणं सोडलं.

नोव्हेंबरात तो पुन्हा ट्रॅकवर गेला, पण फक्त मला घेऊन. तिला सांगितलं की कारखान्याच्या कामाला पुण्याला चाललोय. त्या दिवशी तो अकरा वेळा उतरला. ब्रेकमधून जळका वास येईपर्यंत गाडी हाणली. शेवटच्या खेपेला वळण चुकून खडीत गेला आणि पुढचा बंपर फुटला. त्याची सगळ्यात चांगली वेळ एक मिनिट बावीस सेकंद लागली. फळ्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला.

येताना संगमनेरजवळ त्याने गाडी बाजूला घेतली.

"मल्हारी, पोरीने मागे टाकलं याचं वाईट नाही वाटलं मला. बापाला बरंच वाटतं. पण तिला काही कष्टच पडले नाहीत रे. मी चाळीस वर्षं मनात जे घोळवलं, ते तिने दुपारच्या जेवणानंतर सहज करून टाकलं. माझी पाळी इतक्या उशिरा आली आणि आल्या आल्या संपली."

"आता तरी फोन कर त्यांना," मी म्हणालो.

"करतो," म्हणाला. केला नाही.

तेजस्विनी पुढच्या वर्षी पास झाली आणि पुण्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात लागली. संगणकावर अपघातांचे फोटो बघायचे आणि नुकसानीचा अंदाज लिहायचा. मेकॅनिकलवाल्यांना घेतात तिथे. ती सुट्टीला आली की नवनाथ स्वतःहून चावी पुढे करायचा. ती म्हणायची, "नको पप्पा, रिक्षाने जाते." त्यालाही आता तो लाल रंग नकोसा झाला होता, पण रोज अंबडला यायचं तर तीच गाडी.

गेल्या दिवाळीत त्याने सांगून टाकलं. का तेव्हाच, ते त्यालाही सांगता आलं नाही. सकाळी स्वयंपाकघरात तिघं बसले होते. तेजस्विनी लाडू खात होती. त्याने फोन आला होता ते सांगितलं, काय उत्तर दिलं ते सांगितलं, नोव्हेंबरात खोटं बोलून गेल्याचंही सांगितलं. त्याला वाटलं होतं, ती ओरडेल, उठून जाईल.

तिने उरलेला लाडू बशीत ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे त्यांनी बोलावलं होतं."

"हो."

"मला दोन वर्षं वाटत होतं, की मी तेवढी चांगली नव्हते. त्या दिवशी नुसतं नशिबाने झालं, म्हणून बोलावलं नाही."

नवनाथ हे मला सांगत होता तेव्हा ग्राइंडरजवळ उभा होता. मशीन बंद होतं. "तिचं एक शिबिर हुकलं असंच मी धरून चाललो होतो," तो म्हणाला. "तिच्या मनात मी काय पेरून ठेवलं होतं, याचा मला पत्ताच नव्हता."

वहिनींनी त्याला त्या दिवशी एकच गोष्ट ऐकवली. "तुम्ही तिला तोंडावर नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं. ती भांडली असती, रडली असती, गेलीही असती. तुम्ही तिला भांडूसुद्धा दिलं नाही."

मग त्याने महेशसरांना फोन केला, अडीच वर्षांनी. त्यांना एक मिनिट एकवीस आठवत होतं, तिचं नावही आठवत होतं. पण शिबिराचं वय उलटून गेलं होतं. ते म्हणाले, हौस म्हणून कधीही या, दार उघडं आहे. नवनाथने तिच्या नावाने ट्रॅकवर जानेवारीतल्या एका दिवसाची नोंदणी करून टाकली आणि तिला कळवलं. तिचं उत्तर आलं, "पप्पा, त्या दिवशी ऑफिस आहे." तो रविवार होता.

बोलणं तिने तोडलं नाही. फोन करते, तब्येत विचारते, मणक्याला शेक घेता का म्हणून दरडावते. कुणाला सांगितलं तर त्यात काही खटकणार नाही.

फेब्रुवारीत वहिनींच्या आई, नामपूरच्या नवसाबाई, आजारी होत्या म्हणून सगळे त्यांना बघायला गेले. वॅगनआर दुरुस्तीला टाकलेली, म्हणून पोलोच नेली. येताना नवनाथची पाठ धरली आणि चालवायची सोय राहिली नाही. तेजस्विनीने चावी घेतली. तो तिच्या शेजारी बसला. सटाण्यापर्यंत कांद्याचे ट्रॅक्टर होते, पण पुढे चांदवडनंतर चौपदरी रस्ता मोकळा मिळाला. त्याला वाटलं, आता ती गाडी मोकळी पळवेल. निदान एखादं वळण तरी ती ट्रॅकवरच्यासारखं घेईल.

दुसऱ्या दिवशी त्याने मला सांगितलं.

"नाशिकपर्यंत ती डाव्या बाजूने आली, मल्हारी. साठच्या वर काटा गेला नाही. ट्रकसुद्धा हॉर्न देऊन पुढे जात होते. मी म्हणालो, बेटा, घे की जरा पुढे. तर म्हणाली, कशाला पप्पा, घाई कुठे आहे." त्याने मायक्रोमीटर डबीत ठेवला. "अगदी व्यवस्थित चालवली तिने. कुणीही चालवेल तशी."