गंधकाची पाटी

काशिनाथ गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सकाळचा चहा घेत होतो. फोन उघडला तर त्याचा पासपोर्टचा फोटो, खाली जोडलेले दोन हात आणि ‘भावपुर्ण श्रद्धांजली’. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझं लक्ष आधी त्या ‘पु’कडे गेलं. दीर्घ हवा, असं मनाशी म्हणून झालं आणि मग फोटोतला चेहरा ओळखला. चौतीस वर्षं बोईसरच्या शाळेत मराठी शिकवली की माणसाचं असं होतं. दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका, देवळातल्या सूचना, काहीच सरळ वाचता येत नाही. लोक मला पाठीमागे ‘वेलांटी मास्तर’ म्हणायचे, त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. पण त्या सकाळी मला स्वतःची किळस आली. ज्या माणसाचं मी एका अक्षरापायी नुकसान केलं, त्याच्या मरणाची बातमीसुद्धा मी आधी तपासली आणि मग वाचली...

काशिनाथ मूळचा मनोरच्या आतल्या डोंगरपट्टीतला. पावसाच्या पाण्यावर पिकणारा भाताचा तुकडा, आणि तो कापून झाला की सगळं घर वीटभट्टीवर. त्यामुळे शाळा त्याला दरवर्षी फक्त दिवाळीपर्यंत मिळायची. सहावीनंतर तीही सुटली. पुढे तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लागला आणि बोईसरला खोली घेऊन राहिला. शुक्रवारी कारखाना बंद, म्हणून दर शुक्रवारी तो आमच्या वाचनालयात यायचा. मी शाळा सुटल्यावर तिथलं काम पाहत असे. पहिल्यांदा आला तेव्हा पेपरचं एकच पान समोर धरून अर्धा तास बसला होता. मला वाटलं, गड्याला डुलकी लागली. जवळ जाऊन पाहतो तर ओठ हलत होते. वाचायला त्याला वेळ लागे, पण कानावरून एकदा गेलेलं तो कधी विसरत नसे. त्याची खरी शाळा रेडिओ. लहानपणी भट्टीवर मुकादमाचा रेडिओ, मग स्वतःचा. कुठल्या देशाची राजधानी कोणती, कुठल्या रोगावरची लस कुणी शोधली, कुठली नदी कुठे समुद्राला मिळते... त्याला विचारावं आणि ऐकत बसावं. वाचनालयासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घ्यायचो आणि मी त्याला प्रश्न घालायचो. माझे प्रश्न संपायचे, त्याची उत्तरं संपायची नाहीत. “मास्तर, आता तुमी दमलात,” असं म्हणून तो कप खाली ठेवायचा. साऱ्या बाजाराला आमची ही दोस्ती ठाऊक होती आणि पुढे सगळं बिनसलं ते त्यामुळेच.

पालघर जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. वाचनालयाची खुली प्रश्नमंजूषा दरवर्षी व्हायची. त्या वर्षी एका वाहिनीने आपल्या कार्यक्रमासाठी आमच्याकडून एक नाव मागवलं होतं. जो जिंकेल तो मुंबईला जाणार, टीव्हीवर दिसणार. काशिनाथने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. पण ते ऐकून तो म्हणाला, “मास्तर, एकदा तिथं बसायचं हाय. भट्टीवरच्या मान्सांनी बगायला पायजे.” शेवटची फेरी पाट्यांची असे. प्रश्न ऐकायचा, पाटीवर उत्तर लिहायचं आणि घंटा वाजायच्या आत पाटी उंच धरायची. घंटेनंतर वर आलेली पाटी ग्राह्य धरायची नाही, आणि लेखनात चूक असेल तर उत्तर बाद. हे दोन्ही नियम माझे. परीक्षक दोन. मी आणि पालघरहून बोलावलेले एक निवृत्त अधिकारी. लेखन तपासायचं काम अर्थातच माझ्याकडे.

शेवटी दोघं उरले. काशिनाथ आणि पालघरचा एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. मधल्या एका प्रश्नाला त्या विद्यार्थ्याने पाटीवर ‘ज्वालामुखि’ लिहिलं. मी पाहिलं. शेवटची वेलांटी चुकलेली मला दिसणार नाही, असं कसं होईल? पण मुलगा घाईत आहे, उत्तर तर येतंय, असं म्हणून मी मान हलवली आणि गुण दिला. त्याने बरोबरी झाली. मग शेवटचा प्रश्न आला, ज्याची बरोबर पाटी आधी वर येईल तो जिंकणार. रबर टणक करायला त्यात कोणतं मूलद्रव्य मिसळतात? काशिनाथ हसला. कारखान्यात त्या पिवळ्या भुकटीच्या गोणी तो रोज उचलायचा, घरी आला तरी नखं पिवळी असायची. त्याची पाटी आधी वर आली. तिच्यावर ‘गंदक’. विद्यार्थ्याच्या पाटीवर ‘सल्फर’.

मी समोर पाहिलं. टपरीवाला बसला होता, बाजारातली माणसं होती, पहिल्या रांगेत काशिनाथची बायको जानकीवहिनी नवं लुगडं नेसून बसली होती. शेजारचे अधिकारी माझ्याकडे बघत होते. मास्तरांनी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं उद्या कुणी म्हणू नये, एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. भाषेची काळजी नव्हती, ज्ञानाचीही नव्हती, फक्त माझ्या नावाची होती. मी म्हणालो, “लेखनात चूक. उत्तर बाद.” काशिनाथने पाटी उलटी करून स्वतःकडे धरली आणि बराच वेळ पाहिली. त्याला त्यात चूक दिसत नव्हती. तो बोलायचा तसंच त्याने लिहिलं होतं.

बाहेर आल्यावर मीच काहीतरी सारवासारव करायला गेलो. तो म्हणाला, “कारखान्यात आमी सल्फरच बोलतो, मास्तर. तेच लिवनार होतो. पन म्हटलं, मास्तरांची स्पर्दा हाय, मराटी लिवावं.” मग त्याने विचारलं, “ही पाटी मी घरी नेऊ?” मी म्हणालो, “ने.” सरावाला हवी असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर दोन शुक्रवार तो आला नाही. तिसऱ्या शुक्रवारी आला तो दुसरीच, नवी कोरी पाटी घेऊन. “मला शुद्द लिवायला शिकवा.” माझ्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. चला, राग नाही म्हणजे झालं! मी त्याला ‘द’ आणि ‘ध’ उच्चारून दाखवायचो, तो हसत हसत गिरवायचा. त्याची जीभ शेवटपर्यंत वळली नाही, पण हात वळला. तीन-चार महिन्यांनी आम्ही वेलांट्यांवर आलो. शब्दाच्या शेवटी वेलांटी दीर्घ द्यायची, हा नियम सांगून मी शब्द घालत गेलो. पाणी, नदी, वाडी... आणि बोलण्याच्या भरात म्हणून गेलो, ज्वालामुखी. त्याने बरोबर लिहिलं. आणि मग पेन्सिल तिथेच थांबली. एकदा पाहिलेलंही तो विसरत नसे, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. तो पाटीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी चष्मा पुसायला घेतला. “चला, पुडचा शबूद सांगा,” तो म्हणाला.

एवढंच. तो येत राहिला, आमचा चहाही होत राहिला. पण टपरीवर माझं प्रश्न घालणं थांबलं. कसं थांबलं, कुणी थांबवलं, ते सांगता येणार नाही. स्पर्धेत तो पुन्हा उतरला नाही. दरवर्षी यायचा, पाट्या वाटायचा आणि फेरी झाली की ओल्या फडक्याने त्या पुसून ठेवायचा. एकदा समितीत वाद निघाला की लेखनाच्या चुकांचे गुण कापावेत का. कुणी म्हणालं, ही ज्ञानाची परीक्षा आहे, वेलांटीची नव्हे. कुणी म्हणालं, मग उद्या काहीही लिहितील. मी भाषेच्या शिस्तीवर नेहमीचं भाषण केलं. काशिनाथ कोपऱ्यात पाट्या रचत होता. त्याला कुणीतरी सहज विचारलं तेव्हा तो म्हणाला, “शुद्द लिवायलाच पायजे. पन सगल्यांनी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत होतो.

कितीतरी शुक्रवारी मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. चुकलो म्हणायचं, काशिनाथ, त्या दिवशी तूच जिंकला होतास. पण समोर गेलो की हवापाण्याच्या गोष्टी निघायच्या. या वर्षी त्याला कावीळ झाली. त्याने अंगावर काढली. शेवटचा आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे दिसले, तर मी गमतीने म्हणालो, गंधक आता डोळ्यांत चढलं वाटतं. तो हसला. त्या गमतीची आठवण झाली की जेवण जात नाही. डॉक्टरकडे जा म्हणालो, तो जातो म्हणाला, आणि मी घरी आलो...

दिवसकार्य झाल्यावर त्याच्या खोलीवर गेलो. जानकीवहिनींनी पाणी दिलं. दारामागे खिळ्याला त्याची कामावरची पिशवी तशीच होती आणि भिंतीवर, देवांच्या तसबिरींशेजारी, ती पाटी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली. आत त्याचं ते मोठं, एका बाजूला कललेलं अक्षर, ‘गंदक’. इतक्या वर्षांत पुसलं गेलं नव्हतं.

“हात लावू देत नव्हते कुनाला,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हनायची, चुकलेलं कशाला भिंतीवर ठेवता? तर म्हनायचे, चूक नाय ते. मास्तरांना इचार कदीतरी.” त्यांनी पाटी काढून माझ्या हातात दिली. “मला काय वाचता येत नाय. तुमी सांगा, मास्तर. उत्तर बराबर हाय ना?”

“बरोबर आहे, वहिनी,” मी म्हणालो. “तोच जिंकला होता.”

त्यांनी पदराने डोळे टिपले. क्षणभर बरं वाटलं असावं त्यांना. मग माझ्याकडे नीट बघत त्यांनी विचारलं, “मंग तवा का नाय बोललात?”

मी प्लास्टिकवरची सुटलेली चिकटपट्टी बोटाने दाबून बसवत राहिलो. पाटी माझ्या हातातून घेऊन त्यांनी परत खिळ्याला अडकवली. घंटेनंतर वर आलेली पाटी ग्राह्य धरायची नाही, हा नियमही माझाच होता.