देवकाबाईंची फुलांची पेटी

सौंसरमध्ये आमच्या भिंतीला लागून असलेल्या घरात देवकाबाई राहतात. संत्र्याच्या हंगामात पेट्या भरण्याचे काम त्यांनी लग्न झाल्यापासून गुडघे साथ देईनासे होईपर्यंत केले. फळ तळहातावर घेतले की ते कोणत्या प्रतीचे, हे त्यांना न पाहता कळत असे. आणि त्यांनी भरलेली पेटी ट्रकमधून कितीही हादरे खात गेली, तरी आतले फळ जागचे हलत नसे. पेटी भरणाऱ्याचा पहिला धडा असा की, देठ अगदी फळालगत कापावा, कारण लांब राहिलेला देठ शेजारच्या फळाला टोचतो आणि टोचलेले फळ वाटेतच नासते. हा धडा त्यांच्या हातांत इतका मुरला आहे की कोथिंबिरीची जुडीसुद्धा त्या आधी देठ सारखे करतात आणि मगच निवडायला घेतात.

गेल्या माघात त्यांची नात चंचल हिचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, घरीच, मोजक्या माणसांत करायचे ठरले. मुलगा पांढुर्ण्याचा. चंचलला मोबाइलवर एक चित्र फार आवडले होते: लाकडी खोक्यात ताजी फुले अशी लावलेली, जणू बागेचा एखादा कोपराच उचलून टेबलावर ठेवला आहे. देवकाबाईंनी ते चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि सर्वांसमोर जाहीर केले, "हे पेटी मी करतो."

"आई, तुम्ही बसा निवांत," त्यांची सून सुचिता म्हणाली. "मी प्लास्टिकची फुलं भाड्यानं आणून राहिली. घरात पसारा कायले?"

'तुम्ही बसा' हे शब्द देवकाबाई गुडघे दुखू लागल्यापासून प्रत्येक कार्यात ऐकत आल्या होत्या. या वेळी त्यांनी मान हलवली नाही.

"माह्या नातीच्या साक्षगंधात माह्या हातचं काहीच नाही असं कसं होईन? पेटी पसंत नाही पडली, तं मांडजो तुह्ये प्लास्टिक. मी एक शब्द बोलणार नाही."

कार्याच्या दिवशी सकाळी मी आमच्या अंगणातले गुलाब देऊन आलो आणि थोड्या वेळाने, काही मदत लागेल का हे विचारायला, पुन्हा गेलो. पेटी तयार होती. जुनी लाकडी पेटी स्वच्छ धुऊन तिच्यात पाण्याची परात बसवलेली, आणि परातीत झेंडू, शेवंती व गुलाब आकारानुसार निवडून रांगेने मांडलेले. एकही फूल दुसऱ्याहून वर नव्हते. एकही पान शिल्लक नव्हते. नीटनेटकेपणाची मला आवड असल्यामुळे मी मनापासून म्हणालो, "उत्तम!"

चंचलचा चेहरा मात्र उतरला. सुचिताला हसू आवरेना.

"आई, वरतून फळ्या ठोका आता! कोणत्या मंडीत पाठवून राहिल्या हे?"

"काऊन? काय वाईट आहे?"

चंचलने आजीला हाताला धरून मागच्या दारात नेले. "आजी, आपल्या अंगणात फुलं अशी उभी राह्यतात का?"

देवकाबाईंनी अंगणाकडे पाहिले. तुळशीच्या मंजिऱ्या वाऱ्याने एका बाजूला कलल्या होत्या, शेवंतीचे एक झुडूप पायरीवर रेलले होते आणि संत्र्याचे एकुलते झाड पांढऱ्या बहराने भरले होते. त्या परत आल्या आणि पेटीतले एक फूल उचलून त्याचा देठ चाचपू लागल्या.

"देठ तं कापून टाकले माय मी. सारे कापले. आता लांब कुठून आणू?"

तेवढ्यात पाहुणे पांढुर्ण्याहून निघाल्याचा फोन आला. सुचिताने प्लास्टिकच्या फुलांचे पोते सोडले, एक गुच्छ बाहेर काढला आणि सासूकडे पाहिले. देवकाबाई ठरल्याप्रमाणे एक शब्दही बोलल्या नाहीत. नुसत्या खुर्चीवर जाऊन बसल्या. सुचिताने तो गुच्छ पोत्यात परत कोंबला आणि ती स्वयंपाकघरात गेली. आली ती वाट्या आणि पेले घेऊन.

"उठा आई. फुलाले उंची नाही राह्यली, तं वाटीले देऊ."

परात निघाली. पेटीत कुठे पालथ्या डब्यावर पेला, कुठे पालथ्या वाटीवर वाटी असा चढउतार तयार झाला, आणि आखूड देठांची फुले त्या वाट्या-पेल्यांतल्या पाण्यात निरनिराळ्या उंचीवर उभी राहिली. चंचलने संत्र्याची बहरलेली फांदी आणि मंजिऱ्या आणल्या. देवकाबाईंचा हात सवयीने फांदीची पाने उतरवायला गेला, तोच सुचिताने कात्री काढून घेतली.

"पानं राहू द्या! अन् तो गुलाब वाकडाच राहू द्या."

"वाकडा दिसते नं पण."

"आजी, हात मागं!"

शेवटी मागे संत्र्याची फांदी पेटीबाहेर झुकली, गुलाब पानांआड अर्धे लपले आणि एक शेवंती कडेवरून खाली डोकावू लागली. देवकाबाईंनी दोन पावले मागे जाऊन पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "हो नं बाप्पा. अंगणच आलं."

पेटी बैठकीतल्या टेबलावर ठेवली आणि पाहुणे आले. मुलाची आजी केसरबाई बहराच्या वासाने थेट टेबलाशी येऊन बसल्या. त्यांनी एक पान बाजूला केले आणि त्या मोठ्याने हसल्या.

"अवं माय, खाली तं सारं स्वयंपाकघर आहे!"

देवकाबाई ओशाळल्या. सुचिताने मात्र चटकन उत्तर दिले, "आमच्या आईनं केली पेटी. लग्नातलं टेबलही त्याच सजवणार आहेत." प्लास्टिकचे पोते तिने केव्हाच पलंगाखाली सरकवले होते.

निघताना केसरबाईंनी पेटी मागितली. देवकाबाईंचा चेहरा उजळला. पण पुढच्याच क्षणी त्यांना रस्ता आठवला.

"गाडीत हालेल. थांबा, भरून देतो. वाळलं गवत आण वं चंचल. कात्री कुठी आहे?"

"सापडून नाही राहिली, आई," सुचिता म्हणाली. कात्री तिच्या कमरेला, पदराआड खोचलेली होती.

पेटी केसरबाईंच्या मांडीवर बसून, वाट्यांसकट पांढुर्ण्याला गेली. संत्र्याची फांदी गाडीच्या खिडकीबाहेर राहिली होती, आणि गाडी वळेपर्यंत देवकाबाई तिच्याकडे पाहत उभ्याच होत्या. कोणी त्यांना 'बसा' म्हटले नाही.