जानकीचं ओतून दिलेलं दूध

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, तेही बिचकतच — ऐकून मनात काय म्हणाल, याचा मला आत्ताच संशय येतोय. स्वभावच तसा, काय करणार?

वडपे गावातली आमची बरीचशी जमीन गोडाऊनखाली गेली. उरलेल्या तुकड्यावर मी दूध संकलन केंद्र काढलं. डोंगरातल्या पाड्यांवर घरटी एक-दोन गाई. वासराला पाजून उरेल ते घरात, एवढाच तिथला रिवाज. दूध विकायला त्यांना मीच शिकवलं. आणि शिकवल्या दिवसापासून मनात एकच — हे लोक पाणी घालत असणार.

जानकी सगळ्यात खालच्या पाड्यावरची. एकच गाय. बाकीचं दूध टेम्पोने फिरत फिरत यायचं, ही मात्र धार काढली की कॅन डोक्यावर घेऊन तडक निघायची. एका सकाळी तिच्या दुधात मी लॅक्टोमीटर सोडला — दुधातलं पाणी पकडायची ती काचेची नळी — आणि ती भसकन खाली गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी तिचं दूध सगळ्यांदेखत गेटबाहेर ओतलं.

"दादा, वासराची आन, थेंब न्हाय घातला," ती म्हणाली.

मी हसलो. हो, हसलो. वर सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस.

आठवडाभरात एका गोठ्यावर माझ्या डोळ्यांसमोर धार काढली, तिच्यात नळी सोडली — तिथेही खाली! दूध निवल्यावर पुन्हा सोडली, तर बरोबर वर. कोमट दुधात नळी जास्त बुडतेच. जानकीचं दूध सगळ्यांत ताजं होतं, बस. एवढाच तिचा गुन्हा.

तिचा पाडा किती लांब? अर्ध्या तासाची वाट. मी गेलो नाही. चूक कबूल केली तर उद्या जो तो माझ्या नळीवर संशय घेईल — मला तेवढीच धास्ती. मी गुपचूप नियम केला, दूध निवल्यावरच तपासायचं. कारण विचारणाऱ्याला सांगितलं, वरून आदेश आलाय.

जानकीने गाय विकली. समोरच्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागली. शिफ्ट सुटताना रोज दिसायची आणि मी मोबाइलमध्ये तोंड खुपसायचो. भित्रा माणूस मी, दुसरं काही नाही.

मागच्या महिन्यात ती सुनेला घेऊन केंद्रावर आली. घरात पुन्हा गाय आली होती. मला वाटलं, हिला कुठून तरी कळलंय, आता ही चारचौघांत माझं सगळं काढणार.

तिने सुनेच्या हातातला कॅन माझ्यापुढे ठेवला. मग सुनेकडे वळून म्हणाली, "पानी कधी घालू नको हां. दादाला लगेच कलतं."

मी मान डोलावली.