व्हायलेटची रोजची अंघोळ

सहापैकी चार झाडांनी माना टाकल्या होत्या आणि मडम दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरहून येणार होती. एका झाडाचा मधला कोंब मी बोटानं सरळ करायला गेले, तर तो सडक्या केळ्यासारखा हातात आला.

मी तेव्हा बेळगावच्या कॅम्पात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होते. त्याआधी तीन वर्षं निपाणीला तंबाखूच्या वखारीत खोकत काढली होती. हे काम गेलं असतं तर परत तिथंच जायचं होतं.

मडम त्या झाडांना आफ्रिकन व्हायलेट म्हणायची. लवदार पानं, जांभळी फुलं, सगळी कुंड्यांत, खिडकीपाशी टेबलावर. जाताना तिनं बजावलं होतं, माती सुकली की पाणी खालच्या बशीत घाल. मला ते खुळेपणाचं वाटलं. झाडाला खालून पाणी कोण घालतं? मी रोज सकाळी अंघोळ करून विहिरीचं गार पाणी तांब्यातनं वरूनच घातलं. पंधरा दिवसांत एक खाडा नाही.

बंगल्याचा म्हातारा माळी खिडकीतनं बघत उभा राहिला. मी त्याला सगळं सांगितलं.

"तुळस समजलीस व्हय गं? फेऱ्याबी घातल्यास काय?"

"न्हाय आप्पा. टेबल भिंतीला लागून हाय."

हसून हसून त्याला ठसका लागला. मग त्यानं शिकवलं. बशीत कोमट पाणी ओतायचं, अर्ध्या तासानं उरलेलं काढून टाकायचं, पानांवर थेंब पडू द्यायचा नाही. वरची माती बोटाला कोरडी लागेपर्यंत परत पाणी नाही.

"तू च्या बशीतनंच पितीस न्हवं? पर दिसभर बशीत बसून ऱ्हातीस काय?"

मडम आली. तिनं विचारायच्या आत मीच सांगून टाकलं, "पाणी वरून घातलं."

"किती वेळा?"

"रोज. अंघोळ करून, बाईसाहेब."

तिनं साहेबाला हाक मारून ते इंग्रजीत सांगितलं आणि दोघं हसत बसले. मला राग आला. मग तिनं दोन बऱ्या कुंड्या माझ्यापुढं सरकवल्या.

"आता बशीत. तूच घालायचं."

चार झाडं उकिरड्यावर गेली. दोन जगली. साहेब-मडम देश सोडून गेले तोवर माझं कामही टिकलं.