दातांच्या खुणांचं पुस्तक

शहाद्यात माझा लहान मुलांचा दवाखाना आहे आणि माझ्या टेबलाच्या खणात औषधांपेक्षा पुस्तकं जास्त आहेत. जाड पुठ्ठ्याची, पानभर चित्रांची, खाली मराठीत एकच ओळ असलेली. लस टोचून झाली, रडून झालं, की बाळाच्या हातात एक पुस्तक. आमच्या सिस्टर सुरुवातीला म्हणायच्या, "मॅडम, दात आले नाहीत अजून, आणि तुम्ही वाचायला बसवता!" मी म्हणायची, मग हिरड्यांनी चावू दे. बाळाला मांडीवर घेऊन कुणी रोज चित्रं दाखवली, त्याच्याशी बोललं, तर ते लवकर बोलतं आणि पुढे पुस्तकाला बिचकत नाही, हे मी आयांना इतक्या वेळा सांगितलंय की सिस्टर आता हुबेहूब माझ्या आवाजात ते म्हणून दाखवतात.

अडचण वेगळीच निघाली. पुढच्या लसीला बाळ यायचं, लसीचं कार्ड यायचं, पुस्तक मात्र यायचं नाही.

"पुस्तक कोठे शे व?" मी विचारायची.

"देव्हारामा ठेयेल शे ना, बाई. पोऱ्या फाडी टाकी!"

घरोघरी हेच. बाळाचा पाय पुस्तकाला लागला की आई दचकायची, बाळाचा हात पुस्तकाला लावून मग त्याच्या कपाळाला लावायची, आणि पुस्तक उचलून वर. विद्येला इतका मान, की ती बाळाच्या हाती लागायचीच नाही. मला हसू यायचं आणि रागही यायचा. शेवटी मी जाहीर करून टाकलं, ज्याच्या पुस्तकावर दातांच्या खुणा नसतील त्याचं वजन मी करणार नाही. वजन मी करायचीच, पण धमकी लागू पडली. कुरतडलेली, वरणाचे डाग पडलेली पुस्तकं येऊ लागली आणि मी खूश झाले.

अशात कळसाडीकडची एक सून आपल्या लेकीला दीड वर्षाच्या लसीला घेऊन आली. बरोबर सासूबाई. पुस्तक आणलं होतं, खुणाही होत्या. पण पोर बोलत नव्हती. एक शब्दही नाही. मोठ्या डोळ्यांनी सगळं बघायची, बोट दाखवायची, आणि गप्प. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मायच बोलत नही, तं पोर काय बोली?" सून खाली मान घालून बसली. त्या जरा बाहेर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "बाई, मन्ही पोर मुकी तं नही ना?"

मी कान तपासले, धुळ्याला पाठवून मोठी तपासणीही करवून घेतली. कान ठणठणीत होते. मग काय?

रिपोर्ट दाखवायला त्या आल्या त्या दिवशी गर्दी होती. दाराच्या फटीतून मला ती सून दिसत होती. शेजारच्या बाईशी तोंड भरून बोलत होती, कापसाचं, माहेरचं, कुणाच्या लग्नाचं. मध्येच लेकीनं पुस्तक तिच्या पुढ्यात धरलं. सून एकदम ताठ बसली. "बाळा, ही बकरी आहे," एवढं म्हणाली, आणि गप्प झाली. लेक वाट बघत राहिली.

मी सासू-सुनेला आत बोलावलं. "त्या बाईसंगे इतली बोली ऱ्हायनी, नि पोरीसंगे गप का?"

उत्तर सासूबाईंनी दिलं, तेही अभिमानानं. "आमना घरमा ठरेल शे. पोरीपुढे शुद्ध मराठीच बोलानं. साळामा तिले कोनी हसाले नको." सून म्हणाली, "माले साळामा हसेत, बाई. पन तितलं शुद्ध माले येत नही. म्हनीसन मी गप ऱ्हास."

म्हणजे भरलं घर, आणि त्या पोरीपुढे सगळे तोंड मिटून! तिच्या भल्यासाठी! मला ओरडावंसं वाटलं, पण सुनेचा चेहरा बघून ओरडवेना. मी पोरीला मांडीवर घेतलं, पुस्तक उघडलं आणि छापलेली ओळ सोडून देऊन बकरी आल्याची गोष्ट मोठ्यानं सुरू केली. "दख व माय! बकरी उनी. इकडे दखं, तिकडे दखं, नि भाकर खाई गई!"

पोरीनं माझ्या तोंडाकडे असं पाहिलं, जणू हे बोलणं आपल्याशीही बोलतात हे तिला आत्ताच कळत होतं. सून पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बाई, तुम्ही पुस्तक अहिराणीमा वाची ऱ्हायनात?"

"मंग? बकरी काय साळामा शिकेल शे?"

सासूबाईंना ते पटलं नाही. "मंग पुढे साळामा कसं व्हई?"

"पहिले तोंड तं उघडू द्या तिले. साळा मंग शिकाडी."

सासूबाई रिपोर्ट उचलून उठल्या. सून दारातून एकदा वळून हसली. मला मात्र खात्री नव्हती.

पुढे थंडीत ती पोर खोकला घेऊन आली, पुन्हा दोघींबरोबर. पुस्तकाचा पार लगदा झाला होता, पाठीला चिकटपट्टी. छाती तपासून मी पोरीला म्हटलं, चल, वाचू. तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. सुनेचं सगळं लक्ष माझ्याकडे. मी मुद्दाम म्हटलं, "बकरी उनी, इकडे दखं, तिकडे दखं, नि घर चालनी गई."

पोरीनं माझ्या हातावर फाडकन चापट मारली. "नही! भाकल खाई गई!"

मी हसले आणि माझे डोळे भरून आले. सून तर रडायलाच लागली. सासूबाई मात्र तक्रार करत होत्या. "तोंड मिटत नही आते. रोज रातले मालेच वाचाले लावस. एक शबद चुकना का मारस."

मी खणातून नवं पुस्तक काढून सासूबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते आधी कपाळाला लावलं. मग खाली वाकून नातीच्या हातात दिलं. तिनं तिथंच त्याचा कोपरा तोंडात घातला, आणि सासूबाईंनी तो काढला नाही.